चारचौघांत परत घेतलेली अनामत

माझी थोरली बहीण दोंडाईच्याला मिरचीची आडत चालवायची. मेहुणे अचानक गेले तेव्हा दुकान मोडून टाक असं तिला सगळ्यांनी सांगितलं, त्यात मीही होतो. तिने कोणाचं ऐकलं नाही. तेरावं उरकलं आणि ती डोक्यावर पदर घेऊन मेहुण्यांच्या गादीवर जाऊन बसली. तेव्हा त्या बाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरवायची पद्धत होती. आता बाईची बोटं कशी धरायची म्हणून पुरुष मंडळी घुटमळायला लागली. तिने रुमाल बाजूला टाकला आणि मोठ्याने भाव पुकारायला सुरुवात केली. तिचा आवाज असा खणखणीत की पलीकडच्या ओळीतले खरेदीदारही वळून बघायचे. वर्षभरात सगळा बाजार तिला अक्का म्हणायला लागला. वयाने मोठी माणसंसुद्धा.

मी जळगावला डाळीची छोटी गिरणी चालवत होतो. डाळीतल्या माणसाला मिरची सोसत नाही. दोंडाईच्याला गाडीतून उतरलो की स्टेशनवरच शिंका सुरू व्हायच्या आणि अक्काच्या दुकानापर्यंत थांबायच्या नाहीत. ती हसायची. म्हणायची, "उना मना भाऊ, गावले समजी गयं." मी चिडायचो, पण महिन्या-दोन महिन्यांनी सुरत पॅसेंजर पकडून जायचोच.

आडतीत शेतकरी माल आणून आडत्याच्या दारात टाकतो. लिलाव होतो, माल दुसराच कोणी खरेदीदार उचलतो, पण शेतकऱ्याला पैसे द्यायची जबाबदारी आडत्याची. खरेदीदाराने उशीर केला तरी शेतकरी आडत्याच्याच दारात येऊन बसणार. म्हणून अक्काच्या ओळीतल्या लहान आडत्यांनी मिळून एक सामायिक निधी केला होता. कोणाला वेळेवर पैसे देता आले नाहीत तर निधीतून शेतकऱ्याला द्यायचे. आपल्या ओळीतून शेतकरी रिकाम्या हाताने जाता कामा नये, एवढा एकच नियम. हा निधी सांभाळायला सगळ्यांनी अक्काला बसवलं. बाई कोणाला भीक घालत नाही, तिच्याकडे पैसा राहील, असा हिशोब. या विश्वासावर ती जगत होती म्हटलं तरी चालेल. मुलंबाळं नव्हती, मेहुणे नव्हते. तिची सगळी इभ्रत त्या निधीत होती.

तिच्या समोरच्या दुकानात नाना बसायचे. ओळीतले सगळ्यात जुने आडते, पांढरी टोपी, बोलणं मऊ. रुमाल बाजूला टाकल्यावर अक्काला पहिला भाव पुकारून उत्तर देणारा माणूस तोच. ती त्यांना फार मानायची.

नव्वदीच्या दशकात बाहेरच्या देशांचं वारं सुटलं तेव्हा धुळ्याला एका कंपनीची कचेरी उघडली. कंपनी परदेशातली, कुठल्याशा बेटावर नोंदलेली. आत गेलं की थंडगार हवा, कॉम्प्युटरच्या पडद्यावर हिरवे आकडे पळताहेत, फॅक्समधून कागद निघतोय. तुम्ही त्यांच्याकडे अनामत ठेवायची, ते तुमच्या वतीने लंडनच्या सोन्यात, अमेरिकेच्या कापसात तेजी-मंदी खेळणार, आणि नफा दर महिन्याला घरपोच. आमचा खान्देशी व्यापारी तेजी-मंदीच्या नावानेच निम्मा विरघळतो. त्यात परदेशातली तेजी-मंदी!

कंपनीचा जो माणूस इकडे फिरायचा त्याला सगळे नुसतंच साहेब म्हणत. मुंबईचा, तरुण, इस्त्रीचे कपडे, पण मिरचीच्या ढिगाशेजारी मांडी घालून बसायला लाजायचा नाही. चहा बशीत ओतून प्यायचा. मला तो पहिल्यापासून आवडला नाही, पण कारण विचाराल तर सांगता आलं नसतं. फक्त एवढंच की मिरचीच्या बाजारात तो माणूस एकदाही शिंकला नाही.

ओळीतले आडते अक्काच्या मागे लागले. निधी नुसता पडून आहे, बँकेत काय मिळतं, कंपनीत ठेवू. अक्का नको म्हणाली. पुन्हा बैठक झाली, पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्या बैठकीत सगळे एका बाजूला आणि ती एका बाजूला. निधी सगळ्यांचा, ती फक्त सांभाळणारी. मी त्या दिवशी नेमका तिच्याकडे होतो आणि तिचं बोलणं मला अजून ऐकू येतं.

"ठेवसू," ती म्हणाली. "पन मी फिराईसन दखसू."

रक्कम फिरवून बघणं ही त्या बाजाराची जुनी रीत. नवीन पेढीशी व्यवहार करायचा असेल तर तिच्याकडे आधी रक्कम ठेवायची. मग काही दिवसांनी, ऐन गर्दीच्या वेळी, आधी न सांगता, चारचौघांसमोर ती परत मागायची. त्याने कपाळाला आठी न घालता काढून दिली तर पेढी पक्की. 'उद्या या' म्हणाला तर तिथून पुढे त्याच्याकडे कोणी फिरकत नसे. मागणाऱ्याने पैसे तिथल्या तिथे मोजायचे नाहीत, तोही रीतीचाच भाग. कैक पिढ्या ही कसोटी लागली होती आणि तिने कधी दगा दिला नव्हता, असं नाना सांगायचे.

निधी कंपनीत गेला. मग होळीच्या सुमाराची गोष्ट. बाजारात पाय ठेवायला जागा नाही, मोकळ्या मैदानात लाल मिरची पसरलेली, गाड्यांची रांग. सकाळी अक्काने धुळ्याला फोन केला आणि साहेबाला सांगितलं, निधीची सगळी रक्कम आजच पाहिजे, इथे, माझ्या दुकानात. मी शेजारी उभा होतो. मला वाटलं, आता बघू बेट्याची तारांबळ.

दुपारी जीप आली. साहेब उतरला, हातात बॅग. चालत थेट अक्काच्या गादीशी आला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "अक्का, पैसा तुमचाच आहे. आधी कळवायचीही गरज नव्हती." बॅग उपडी केली. नोटांच्या गड्ड्या गादीवर पडल्या. सगळी रक्कम, वर आतापर्यंतचा नफा. एका खोक्यातून पेढेही आणले होते.

मी थक्क झालो. माझं तोंड उघडं राहिलं असणार, कारण शेजारच्याने मला कोपराने ढोसलं. लिलाव थांबला होता. हमाल पोती खाली ठेवून बघत होते. नाना आपल्या दुकानाच्या पायरीवर उभे राहून ओरडले, "दखा का रे भो! बठ्ठा पैसा परत दिधा!" आणि मी, ज्याला हा माणूस पहिल्या दिवसापासून डोळ्यात खुपत होता, त्या माझ्याही मनात आलं की आपण उगाच एका सरळ माणसाला पाण्यात पाहिलं. पेढा घेतला मी त्याच्या हातून. चांगला होता.

संध्याकाळी अक्काने गड्ड्या मोजून तिजोरीत टाकल्या. मी विचारलं, आता परत कधी ठेवणार? ती म्हणाली, "नही ठेवाव. फिराईसन दखं, व्हई गयं." मी म्हटलं, अगं पण तो पास झाला की! तर म्हणते, पास झाला म्हणून त्याला बक्षीस द्यायचं का, बैठकीचा शब्द मी पाळला, आता निधी माझ्या तिजोरीत. यावरून ओळीत थोडी कुरबुर झाली, पण थोडीच. कारण आता निधीची कोणाला पर्वाच उरली नव्हती. जो तो स्वतःचा पैसा घेऊन धुळ्याला निघाला होता.

हे मला नंतर कळलं. तेव्हा काहीच दिसत नव्हतं, आणि दिसणारही नव्हतं. त्या बाजारात पैसा परत घेतात तो चारचौघांत, वाजतगाजत. पण ठेवतात तो गुपचूप. कोणी आपला पैसा कुठे ठेवला हे सख्ख्या भावाला सांगत नाही. त्यामुळे कंपनीतून पैसा बाहेर येताना सगळ्या बाजाराने पाहिला आणि आत जाताना कोणीच पाहिला नाही. अक्काने निधी वाचवायला जे केलं, तीच कंपनीची जाहिरात झाली.

अक्षय्य तृतीया जवळ आली. आमच्याकडे तिला आखाजी म्हणतात. लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि शेतकरी आडत्याकडे ठेवलेले मिरचीचे पैसे न्यायला येतात. लेकीला लुगडं, जावयाला पाहुणचार, सगळं त्यातून. आखाजीला आठवडाही उरला नसेल तेव्हा धुळ्याच्या कचेरीला कुलूप लागल्याची बातमी आली.

अक्काने मला तार केली. मी पोचलो तेव्हा ओळीतली निम्मीच दुकानं उघडी होती. आम्ही पाच-सहा जण नानांना घेऊन धुळ्याला गेलो. काचेच्या दारातून आत पाहिलं. टेबलं होती, कॉम्प्युटर नव्हता. खाली पानवाल्याने सांगितलं की त्याची उधारीसुद्धा राहिली आहे. नाना त्या पायरीवर मटकन बसले.

तिथून पोलीस स्टेशन. अधिकारी भला माणूस होता, त्याने सगळ्यांना बसवून पाणी दिलं. करारपत्र वाचलं आणि विचारलं, हे बेट कुठे आलं? आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. त्याने शिपायाला पाठवून समोरच्या दुकानातून शाळकरी पोरांचा नकाशांचा ॲटलास आणवला. आम्ही मोठी बाप्ये माणसं त्या ॲटलासवर डोकी आपटत बेट शोधायला लागलो. शेवटी समुद्रात एक ठिपका सापडला. एवढासा, की शिपायाने तो नखाने खरवडून बघितला, छापलेला आहे की माशी बसून गेली. करारात लिहिलं होतं, तंटा झाला तर दावा तिथल्या न्यायालयात लावायचा. कंपनीची या देशात कुठल्याच सरकारी खात्यात नोंद नव्हती, कोणाकडे तिने अनामतीपोटी छदाम ठेवलेला नव्हता. अधिकारी म्हणाला, तक्रार लिहून घेतो, पण तुम्ही पैसे देण्याआधी हे पान वाचलं होतं का?

कोणी वाचलं नव्हतं. कशाला वाचतील? अक्काला पैसे परत मिळताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेतकरी यायला लागले. बाजारात उभं राहवत नव्हतं. नानांच्या पायरीवर सगळ्यात जास्त माणसं, कारण त्यांचा व्यवहार मोठा आणि नाव जुनं. नाना आत बसून होते. 'देतो' म्हणत नव्हते, 'नाही' म्हणत नव्हते. एक म्हातारा शेतकरी टोपी हातात घेऊन नुसता उभा होता. त्याची लेक आदल्या दिवशी माहेरी येऊन बसली होती.

अक्का उठली. रस्ता ओलांडून नानांच्या दारात गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नानाना शेतकरी मनाकडे या. निधी कसाले शे मंग?" ओळीतल्या ज्या ज्या आडत्यांचे शेतकरी अडकले होते त्या सगळ्यांना तिने तेच सांगितलं. मी तिच्या कानाशी लागलो. म्हटलं, अक्का, निधी पुरायचा नाही. ती म्हणाली, पुरेल तितका देऊ.

तिजोरी उघडून तिने गड्ड्या गादीवर मांडल्या. होळीला बॅगेतून पडल्या तशाच होत्या. काहींना बँकेच्या पट्ट्या, काहींना सुतळी. आणि बऱ्याचशा गड्ड्या कापडाच्या चिंध्यांनी बांधलेल्या. जुन्या लुगड्याचा मोरपंखी काठ फाडून केलेल्या चिंध्या.

नाना आपल्या शेतकऱ्यांच्या मागोमाग आले होते. त्यांनी त्या गड्ड्या पाहिल्या आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं माणूस आता कोसळतो. मी त्यांचा दंड धरला.

"हाई चिंधी मना घरनी शे," ते म्हणाले. "सुतळीवरी नोट फाटस म्हनीसन मनी घरवाली लुगडं फाडीसन देस. हाऊ पैसा मना शे, अक्का."

कोणाला काही कळेना. मग हळूहळू उलगडलं. अक्काने रक्कम मागितली त्याच सकाळी नाना धुळ्याला जाऊन आपला पैसा कंपनीत ठेवून आले होते. गुपचूप. बायकोखेरीज कोणालाही ठाऊक नव्हतं. साहेबाने त्यांच्याकडून गड्ड्या घेतल्या, बॅगेत टाकल्या, आणि दुपारी त्याच आणून अक्काच्या गादीवर ओतल्या. नाना पायरीवर उभे राहून 'बठ्ठा पैसा परत दिधा' म्हणून ओरडले, तेव्हा ते स्वतःच्याच पैशाकडे बघत होते. लंडन नाही, सोनं नाही, कापूस नाही. पैसा रस्त्याच्या या बाजूहून त्या बाजूला गेला होता, मध्ये फक्त धुळ्याची एक चक्कर मारून. मी सुन्न झालो. इतक्या वर्षांत मी व्यापारात लबाडी पुष्कळ पाहिली, पण एवढी सोपी पाहिली नव्हती. या सोपेपणाचाच मला जास्त राग आला.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिथेच ते थांबले नव्हते. तो परतावा डोळ्यांनी पाहिल्यावर नानांनी त्या आठवड्यात त्याच्या कितीतरी पट रक्कम नेऊन दिली होती.

"माले दे अक्का," नाना म्हणाले. "दुसरं काहीच उरं नही."

बाहेर देठ खुडणाऱ्या बायकांच्या बांगड्या ऐकू येत होत्या. मी अक्काकडे पाहिलं. समोरचा माणूस तिला या बाजारात उभं करणारा. पैसा त्याचाच, चिंधीसकट. नाही कसं म्हणायचं? पण हो म्हटलं तर तो म्हातारा शेतकरी, ज्याची लेक घरी येऊन बसली आहे, तो रिकाम्या हाताने जाणार, आणि ज्या एका नियमासाठी तिला तिथे बसवलं तो नियम मोडणार.

"निधी शेतकरीसना शे, नाना," ती म्हणाली. "नियम तुम्हीच बनाडा व्हता."

तिने पहिली चिंधी सोडली आणि त्या म्हाताऱ्याला पुढे बोलावलं. मग दुसऱ्याला. मी बाजूला बसून मोजून देत होतो. नानांचे शेतकरी एकेक करून नानांच्याच नोटा घेत होते आणि अक्काच्या पाया पडत होते. तिला ते सहन होत नव्हतं. प्रत्येक वेळी ती पाय मागे घ्यायची आणि नानांकडे बोट दाखवायची, पण लोकांना काय कळणार? ते बिचारे तिलाच दुवा देत निघून जायचे. नाना भिंतीला टेकून शेवटपर्यंत बसून राहिले. गेले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटत होतं.

निधी पुरला नाही. नानांचे बरेचसे शेतकरी भागले, इतरांच्या काहींना थोडेथोडे देऊन परत पाठवावं लागलं. पण अगदी रिकाम्या हाताने कोणी गेलं नाही. ओळीचं नाव कसंबसं राहिलं. कंपनीचा माणूस पुढे सापडला नाही, पैसाही नाही.

शेवटचा शेतकरी गेल्यावर दुकानात आम्ही तिघेच उरलो. मला वाटलं आता नाना भांडतील. मी तयारीतच होतो. त्यांनी नुसतं विचारलं, "अक्का, मना शेतकरी तू वाचाडात. माले काबर नही वाचाडं?"

अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं. मेहुणे गेले तेव्हाही मी तिला बाजारात रडताना पाहिलं नव्हतं. ती जवळजवळ ओरडलीच. "नाना, आपली दुकानं समोरासमोर! मी निधी परत काबर ठेवा नही, एकदाव इचारं असतं! रस्ता वलांडीसन एकदाव इचारं असतं!"

नानांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग अगदी हळू, नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाले, "इचारं असतं, ते तू 'नको' सांगं असतं ना."